टॅमनीच्या डोंगरावरील पानगळ

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ज्यांची मुले-मुली स्थायिक झाली आहेत, अशी अनेक कुटुंबे आपल्या वाचकवर्गात असतील. मुलांकडे गेल्यावर फिरण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारती, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, नायगाऱ्याचा धबधबा आणि ब्लेअरस्टाउनजवळचे सिद्धाचलम. आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ साली वनराजीत स्थापन केलेल्या या तीर्थाचे दर्शन घेतले की बहुतेक मंडळी परतीची वाट धरतात. परंतु तेथून मोटारीने साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावर एक विलक्षण स्थळ आहे. डेलावेअर नदीने तेथे एक लांबलचक डोंगररांग मधोमध कापून आपली वाट काढली आहे. या खिंडीला ‘डेलावेअर वॉटर गॅप’ म्हणतात. खिंडीच्या न्यू जर्सीकडील बाजूस उभा आहे माउंट टॅमनी, आणि नदीपलीकडे पेनसिल्व्हेनिया राज्यात त्याचा जोडीदार माउंट मिन्सी.

गेल्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन पानगळीच्या दिवसांत, आम्ही टॅमनीवर एक दिवस घालवला. मी, सौ., मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात असे पाच जण होतो. टॅमनीची उंची जेमतेम १,५०० फूट. सह्याद्रीतील गडकोट पाहिलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु पायथ्यापासून सुमारे १,२०० फूट चढायचे ते दोन-अडीच किलोमीटरच्या आत, आणि तेही खडकांवरून. त्यामुळे साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना हा डोंगर आपली ओळख नीट करून देतो.

सुटीच्या दिवशी येथील वाहनतळ सकाळीच भरून जातो, म्हणून आम्ही पहाटे घर सोडले होते. त्या दिवसांत तेथे सूर्योदयच सव्वासातच्या सुमारास होतो. पायथ्याशी पोहोचल्यावर नवकारशीची वेळ होईपर्यंत थांबलो, वाहनतळाच्या कडेला उभ्या उभ्याच खाकरा आणि मेथीचे थेपले खाल्ले, घरून गाळून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या पाठपिशव्यांत भरल्या आणि निघालो. हवेत बोचरा गारठा होता. सौ.ने डोक्याला लोकरीचा रुमाल बांधून घेतला होता.

चढणीच्या वाटेला ‘रेड डॉट’ म्हणतात. झाडांच्या खोडांवर ठरावीक अंतराने पांढऱ्या पट्टीवर लाल ठिपका रंगवलेला असतो. एक ठिपका मागे पडला की पुढचा शोधायचा. पानगळीच्या दिवसांत या ठिपक्यांचे महत्त्व फार, कारण वाट पानांखाली बुजून जाते आणि सारे रानच पायवाटेसारखे दिसू लागते. हे काम नातीने आपणहून पत्करले. पुढचा ठिपका दिसला की ती हात वर करी आणि आम्ही तिच्या मागोमाग जात असू.

पहिल्या पंधरा मिनिटांतच खडक सुरू झाले. काही ठिकाणी दगडांच्या पायऱ्या रचलेल्या आहेत, काही ठिकाणी दोन्ही हात टेकूनच वर जावे लागते. हा दगड आपल्या काळ्या बेसॉल्टहून अगदी निराळा आहे. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी वाहून आणलेली वाळू आणि गोटे एकावर एक साचले, दाबले गेले आणि त्यांचा अत्यंत कठीण असा पाषाण झाला. जवळून पाहिले की करड्या दगडात पांढऱ्या गारगोट्या जडवल्यासारख्या दिसतात. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसातून घडला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे टॅमनीचा खडक त्याच्या मानाने कितीतरी वडीलधारा. पुढे भूकवचाच्या हालचालींत हे थर वाकले व कलले. वीसएक हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात तर हा सारा परिसर जाड बर्फाखाली गाडलेला होता. बर्फ सरकताना या भागातील डोंगरमाथे घासले गेले, माती खरवडली गेली आणि खडक उघडे पडले. आजही माथ्यावर मातीचा थर पातळच आहे, आणि तेवढ्याच मातीत हे अरण्य उभे आहे.

अर्ध्या चढणीवर एका मोकळ्या कातळावर थांबलो आणि तेव्हा कुठे मान वर करून झाडांकडे पाहिले. लाल मेपल पेटल्यासारखे झाले होते. हिकरी आणि बर्च यांची पाने हळदीसारखी पिवळी, ससाफ्रासची नारिंगी. ओक मात्र सावकाश चालणारा. त्याची काही पाने तांबूस, काही तपकिरी, तर काही अजून हिरवीच होती. खाली लहान झुडपांनीही किरमिजी रंग धारण केला होता. वारा आला की वरून पाने गिरक्या घेत येत, आणि काही क्षण पाऊस पडत असल्याचा आवाज होई.

आपल्याकडेही पानगळ होते, पण तिचे कारण आणि काळ वेगळा. सागवान, सावर, पळस ही आपली झाडे पाने टाकतात ती प्रामुख्याने पाणी तुटू लागल्यामुळे, पाऊस संपून काही महिने लोटल्यावर. आपल्या रानातील लाली तर पुष्कळदा नव्या पालवीची असते. चैत्राच्या सुमारास कुसुंबाचे झाड पाहावे, कोवळ्या पानांनी ते लालबुंद होते. येथे मात्र लाली निरोपाची. थंडीत जमीन गोठून मुळांना पाणी मिळेनासे होते, पानांतील पेशी गोठून फुटतात. म्हणून दिवस लहान होऊ लागताच झाड तयारीला लागते.

ही तयारी कशी होते, ते मला माझ्या नातीने त्या कातळावर बसून सांगितले. शाळेत नुकतेच शिकून आली होती.

“आजोबा, झाड पान लगेच टाकत नाही. आधी पानातलं चांगलं चांगलं सगळं परत घेतं. मग दार बंद करतं. मग पान पडतं.”

मुलाने तिचे म्हणणे विस्ताराने सांगितले. पानांत हरितद्रव्य असते, त्यामुळे ती हिरवी दिसतात. शरद ऋतूत झाड हे हरितद्रव्य मोडून काढते आणि पानातील नत्र व स्फुरद यांचा मोठा हिस्सा, साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक, फांदीत, खोडात आणि मुळांत परत नेते. हीच पुंजी वसंतात नव्या पालवीला उपयोगी पडते. हिरवा रंग ओसरला की पानात आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र मेपलसारखी झाडे त्याच वेळी नव्याने तयार करतात. पुंजी परत नेण्याचे काम चालू असताना कडक उन्हापासून पानाचे रक्षण व्हावे, हे त्याचे एक कारण शास्त्रज्ञ मानतात. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा तयार होतो, जखम आधीच बुजवली जाते आणि मग वाऱ्याची एक झुळूकही पुरते.

हे ऐकताना मी बराच वेळ काही बोललो नाही. त्यामागचे कारण वाचकांना सांगायला हवे.

आमचे बार्शीला कापडाचे दुकान आहे. वडिलांनी १९५८ साली ते सुरू केले. मी चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या गादीवर बसलो. मुलगा परत येणार नाही, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे आणि त्याबद्दल घरात कुणाचाही राग नाही. परंतु दुकानाचे काय करायचे, हा विषय निघाला की जेवणाच्या ताटावर शांतता पसरे. दिवाळीनंतर गाळा मोकळा करून द्यावा, अशी एका जाणत्या आप्ताची सूचना होती, आणि चांगली रक्कम देणारे गिऱ्हाईकही तयार होते. सौ.चे मत पडत होते की आता दगदग पुरे. माझे मन मात्र दोन्ही बाजूंना जाई. सकाळी वाटे, मोकळे व्हावे. संध्याकाळी वाटे, शटर कायमचे ओढायचे म्हणजे वडिलांचे नाव पुसायचे. अमेरिकेला निघताना विमानात बसलो तेव्हाही हा प्रश्न बरोबर होताच.

कातळावरून उठलो आणि उरलेली चढण चढलो. शेवटच्या टप्प्यात ओकची झाडे खुजी होत जातात, मधूनमधून वाऱ्याने वाकलेली पाइनची झाडे लागतात आणि एकाएकी समोरचे रान संपते. पायांखाली कातळाचा उतरता कडा, त्याखाली नदी, आणि नदीपलीकडे मिन्सीचा डोंगर. दोन्ही डोंगरांतील खडकांचे थर एकाच दिशेने कललेले दिसतात. कधीकाळी ही एकच अखंड रांग होती, हे सांगायला मग कुणी लागत नाही. मिन्सीच्या उतारावर पिवळा, तांबडा आणि हिरवा रंग असा मिसळला होता, की आमच्या धंद्यातील माणसाला पैठणीच्या पदराची आठवण व्हावी. खाली महामार्गावरील वाहनांचा आवाज सतत येत असतो. एवढ्या प्राचीन स्थळी तो खटकतो खरा, पण थोड्या वेळाने त्याची सवय होते.

या रांगेचे नाव किटाटिनी. येथील मूळ रहिवासी लेनापे लोक. टॅमनी हे नाव त्यांच्या तामानेंद या प्रमुखाच्या नावावरून आले, आणि मिन्सी हे त्यांच्याच एका शाखेचे नाव. पानगळीच्या दिवसांत घारी, ससाणे, गरुड असे पक्षी उत्तरेकडून दक्षिणेला स्थलांतर करतात आणि या रांगेवर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्याचा आधार घेतात. पंख न हलवता ते कोसच्या कोस तरंगत जातात. आम्हीही काही पक्षी पाहिले.

याच रांगेवर पुढे पेनसिल्व्हेनियात ‘हॉक माउंटन’ नावाचा डोंगर आहे. एके काळी तेथे शिकारी रांगेने उभे राहून या स्थलांतरी पक्ष्यांना केवळ मौजेखातर गोळ्या घालीत. १९३४ साली रोझाली एज नावाच्या एका बाईंनी तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला, तेथे पहारेकरी नेमला आणि शिकार बंद पाडली. शिकारी पक्ष्यांसाठीचे ते जगातील पहिले अभयारण्य मानले जाते. सरकारी कायद्याची वाट न पाहता, एका करारपत्राच्या बळावर हजारो जीव वाचवणाऱ्या त्या बाईंविषयी ऐकून सौ. म्हणाली, “भाडेपट्टा असाही कामाला येतो म्हणायचा!”

माथ्यावरून दिसणाऱ्या नदीची हकीकतही जाणून घेण्यासारखी आहे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये लागोपाठ आलेल्या दोन चक्रीवादळांनी डेलावेअरला भीषण पूर आला. त्यानंतर या खिंडीच्या वरच्या अंगाला, टॉक्स आयलंड येथे मोठे धरण बांधण्याची योजना १९६२ साली मंजूर झाली. जमिनी संपादित झाल्या, हजारो माणसांना घरे सोडावी लागली, कित्येक घरे पाडली गेली. परंतु खडकाचा पाया, वाढता खर्च आणि लोकांचा विरोध यांमुळे १९७५ साली नदीखोऱ्यातील राज्यांनी योजना पुढे नेण्यास नकार दिला आणि १९९२ साली ती कायमची रद्द झाली. धरण झाले नाही, उठवलेली माणसे मात्र उठली ती उठलीच. त्यांच्या जमिनींचे आज राष्ट्रीय विहारक्षेत्र झाले आहे. उजनी आणि कोयनेच्या काठची माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. नदी वाहती राहिली याचा आनंद होतो, पण तो आनंद घेताना ज्यांची घरे गेली त्यांचीही आठवण ठेवावी.

माथ्यावर दशम्या, सुखडी आणि सफरचंदे असे जेवण झाले. मग उतरणीसाठी निळ्या खुणांची वाट धरली. ही वाट लांब, पण सौम्य आहे. चढताना दम लागतो, उतरताना काळजी लागते, कारण कोरड्या पानांखाली कोणता दगड हलता आहे ते दिसत नाही. मुलाने सूनबाईच्या हातातील काठी मला दिली आणि तो माझ्यापुढे दोन पावले चालू लागला. मी घसरलोच तर त्याच्यावर यावे, असा त्याचा हिशेब असावा. तसे तो बोलला मात्र नाही.

वाटेत त्याने एक रोपटे दाखवले, दातेरी लांब पानांचे. ते अमेरिकन चेस्टनटचे. एके काळी पूर्व अमेरिकेच्या डोंगरांवर या वृक्षाचे साम्राज्य होते. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये एक परदेशी बुरशीरोग आढळला आणि चार-पाच दशकांत अब्जावधी झाडे मेली. खोड मेले तरी काही ठिकाणी मुळे जिवंत राहिली आहेत. त्यांना धुमारे फुटतात, काही वर्षे वाढतात, पुन्हा रोगाला बळी पडतात आणि मुळे पुन्हा धुमारे सोडतात.

तेथेच मुलगा म्हणाला, “अण्णा, दुकानाचं तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य आहे. फक्त माझ्यासाठी म्हणून चालू ठेवू नका आणि माझ्यामुळे म्हणून बंदही करू नका.”

इतक्या दिवसांत त्याने प्रथमच हा विषय स्वतःहून काढला होता. मी त्याला म्हणालो, “बंद करायचंय. पण या दिवाळीला नाही. आधी आतलं परत घेऊ दे.”

तो हसला, कारण शब्द त्याच्याच मुलीचे होते. मग ओढ्यापर्यंतच्या तासाभरात आम्ही बापलेकांनी बरेच ठरवून टाकले. आमचे दिवाणजी तीस वर्षे आमच्याकडे आहेत. त्यांची देणी पूर्णपणे चुकती करायची आणि त्यांच्या मुलाला हवा असेल तर शिवणसामानाचा विभाग त्याला चालवायला द्यायचा. दोन नोकरांना ओळखीच्या पेढ्यांवर लावून द्यायचे. खेड्यापाड्यांतील जुन्या गिऱ्हाइकांकडची उधारी सामोपचाराने जेवढी येईल तेवढी घ्यायची, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांच्या खात्यावर रेघ मारायची. वडिलांच्या हाताची पहिली वही घरी आणायची. हे सारे व्हायला एक वर्ष पुरावे. त्यानंतरच्या पाडव्याला वहीपूजन करून दुकानाची किल्ली द्यायची. गाळ्याचे गिऱ्हाईक तोवर थांबले तर उत्तम. न थांबले तर दुसरे मिळेल.

सौ. मागून सारे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, “अहो, वर्षाचं दीड वर्ष करू नका म्हणजे झालं.”

निळी वाट खाली उतरून डनफील्ड ओढ्याला मिळते. तेथून ‘अपालॅशियन ट्रेल’ ही जॉर्जियापासून मेन राज्यापर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी प्रसिद्ध पायवाट ओढ्याच्या काठाने जाते. तिची खूण पांढरी पट्टी. पाठीवर सारा संसार घेऊन महिनोन्‌महिने चालणारे लोक या वाटेने जातात. ओढ्याचे पाणी नितळ, खडकाखडकांवरून उड्या घेणारे. काठावर सदाहरित हेमलॉकची काळोखी छाया होती, परंतु जपानमधून आलेल्या एका सूक्ष्म किडीने त्यांतील अनेक झाडे वाळवून टाकली आहेत. पाण्याच्या डोहांत पिवळी पाने गोल फिरत होती. नात त्यांतील एकेका पानाला नावेसारखे पुढे ढकलत बसली. चार-साडेचारला तेथेच उरलेले खाल्ले. त्या दिवसांत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो आणि घर दीड तासावर, त्यामुळे चौविहार करणाऱ्यांनी एवढा हिशेब ठेवावा.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी आणखी काही गोष्टी. या भागात रंग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरपर्यंत भरात असतो. शक्य तर कामाच्या दिवशी जावे. घोटा धरून ठेवणारे, न घसरणारे बूट हवेतच. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी डोंगर न चढता केवळ डनफील्ड ओढ्याच्या काठाने मैलभर जाऊन यावे, पानगळीचा आनंद तेथेही पुरेपूर मिळतो. रानात काळी अस्वले आहेत, म्हणून खाद्यपदार्थ उघडे ठेवू नयेत आणि एक दाणाही मागे टाकू नये. परतल्यावर कपडे व अंग नीट तपासावे, कारण गोचिडी शरदातही असतात. या दिवसांत आसपासच्या रानात शिकारीला परवानगी असते. आपल्या मनाला ते पटणारे नाही, तरी भडक नारिंगी रंगाचे वस्त्र अंगावर असावे. आणि चालावे ते आखलेल्या वाटेनेच. पानांच्या त्या जाड थराखाली असंख्य लहान जीव हिवाळ्याची तयारी करीत असतात, तेही त्यांचे घरच आहे.

रंगांचे दिवस जेमतेम दोन आठवड्यांचे. एक जोराचा पाऊस आला तर त्याआधीही आटोपतात. मुलांकडे जाण्याचे ठरवत असाल तर तिकिटे त्या बेताने काढावीत.